मिरजेला गेलेला निबंध

आमच्या घरात दर रविवारी दुपारी पत्र लिहिलं जायचं आणि त्यात बरंचसं खोटं असायचं. आई हयात असती तर या वाक्यावर चिडली असती. ती त्याला 'सांभाळून लिहिणं' म्हणायची. परदेशातल्या मनुरेवा या उपनगरातलं आमचं भाड्याचं घर लाकडी फळ्यांचं होतं, एका फळीतून दुसऱ्या फळीत सगळे आवाज फिरायचे. शेजारचं सामोअन कुटुंब चर्चहून परत आलं की त्यांची गाणी थेट आमच्या स्वयंपाकघरात यायची, मागच्या अंगणात फेजोआची पेरूसारखी हिरवी फळं धपाधप गवतावर पडत असायची. आमची पिठलं-भाताची ताटं उचलून झाली की आई टेबल ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्या फडक्याने पुसायची आणि त्यावर पत्राचं पॅड आणून ठेवायची. बाबांचं अक्षर पक्कं डॉक्टरी. मिरजेला अण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ते लागत नसे. त्यामुळे बाबा सांगायचे आणि मी लिहायची. बाबा खिडकीबाहेर बघत सांगायचे, "लिही. हॉस्पिटलमधलं काम उत्तम चाललं आहे. सहकारी सज्जन आहेत. इथली यंत्रसामग्री पाहून तुम्ही थक्क व्हाल." मी खाली मान घालून लिहायची. बाबा कोणत्याही हॉस्पिटलमध्ये काम करत नव्हते.

ते मिरजेला डॉक्टर होते, चांगली आठ वर्षं चाललेला दवाखाना बंद करून आले होते. इथे आल्यावर कळलं की इथली परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कुणाच्या नाडीलासुद्धा हात लावता येणार नाही. दोनदा बसले, दोनदा थोडक्यात हुकली. मिरजेच्या पत्रांत तिला बढतीची परीक्षा म्हटलं जायचं. दरम्यान घर चालायला हवं म्हणून ते एका वृद्धाश्रमात कामाला लागले. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करून द्यायची, भरवायचं. तिथे श्रीकांत हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांना सगळे केन म्हणायचे. आई एका बेकरीत पाव पॅक करायला जायची. आईच्या कामाबद्दल मिरजेहून कधी कुणी काही विचारलंच नाही, म्हणून तिला पत्रात खोटं लिहावं लागलं नाही. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचतं आणि राग येतो.

अण्णा कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर बाबा एवढं का सांभाळत होते ते कळणार नाही. अण्णा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेली औषधं कुटून, मिसळून, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून दिली आणि आपल्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरांना 'साहेब' म्हटलं. मग त्यांचा स्वतःचा मुलगा डॉक्टर झाला. बाबांचा दवाखाना बंद झाला तरी दारावरची पाटी अण्णांनी काढली नव्हती, ते रोज सकाळी ती पुसायचे. हे आम्हाला मिरजेला अण्णांजवळ राहणाऱ्या काकूंच्या पत्रातून कळलं होतं. बाबांनी ते वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या वर्षी आमच्या शाळेत इंग्रजीला मिस वॉर्ड होत्या. उंच, अघळपघळ, थंडीतही जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून येणाऱ्या. "कीया ओरा, माझ्या झोपाळू लोकांनो," असा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला नमस्कार करत वर्गात शिरायच्या. त्या सत्रात त्यांनी आम्हाला अमेरिकेतला वास्तववाद शिकवायला घेतला. सांगायच्या तेव्हा त्या टेबलावर बसायच्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात इतकी माणसं मेली, त्या म्हणाल्या, की त्यानंतर सरदार, शूरवीर आणि मूर्च्छित पडणाऱ्या सुंदऱ्यांच्या गोष्टी लोकांच्या घशाखाली उतरेनात. मग काही लेखक निघाले, त्यांनी खाणावळवाले, कर्ज काढून दुकान थाटणारे, नदीवर तराफे हाकणारे, चुलीपुढे म्हाताऱ्या होणाऱ्या बाया अशी माणसं लिहिली आणि ती जशी बोलतात तशीच, व्याकरणाची फिकीर न करता, कागदावर बोलती केली. शिष्ट लोकांनी नाकं मुरडली. चित्रकारांनीही तेच केलं. देवदूत सोडून त्यांनी वल्हवून घामाघूम झालेली माणसं काढली, मागच्या गल्लीत वाळत घातलेले कपडे काढले. एका चित्राची झेरॉक्स त्यांनी आम्हाला वाटली. शस्त्रक्रिया चाललेली, मधोमध पांढऱ्या केसांचा सर्जन, हातात सुरी आणि बोटांना रक्त. ते चित्र पाहून तेव्हाचे लोक इतके भडकले की ते मानाच्या जागी टांगूच दिलं नाही, असं मिस वॉर्ड म्हणाल्या.

ती झेरॉक्स मी घरी नेली. बाबा गॅरेजमध्ये घडीच्या टेबलावर अभ्यास करत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती कितीतरी वेळ पाहिली. "अगं, कोट घालून ऑपरेशन करतोय हा! हातमोजे नाहीत, काही नाही. पेशंट कसा वाचला असेल?" आणि मग जरा थांबून म्हणाले, "पण हात बघ. हात माहीत असलेल्या माणसाने काढलंय." त्या दिवसांत बाबा हसले की घर हलकं व्हायचं, म्हणून हे मला लक्षात राहिलं.

मिस वॉर्डनी निबंध दिला तो असा. तुमच्या घरातल्या माणसाचा कामाचा एक तास लिहा. आहे त्यापेक्षा चांगला करायचा नाही आणि वाईटही करायचा नाही. माणसं बोलतात तशी बोलू द्यायची. मी हात वर केला. "मिस, आमच्या घरी इंग्रजीत कुणी बोलत नाही." त्या म्हणाल्या, "मग ते ज्या भाषेत बोलतात तिच्यात आधी लिही. नंतर इकडे आण. स्वीट ॲज? चालेल ना?" माझ्या पुढच्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं त्यातलं बरंच त्या एका वाक्यामुळे झालं.

सुट्टीत मी बाबांबरोबर एक शनिवार वृद्धाश्रमात गेले होते, चहा-बिस्किटं वाटायला. मला तो तास लिहायचा होता. तिथे मिस्टर डॉसन म्हणून एक म्हातारे होते, तरुणपणी मेंढ्यांची लोकर कातरणारे, अजूनही मनगटं जाडजूड. बाबांनी त्यांना शॉवरखाली खुर्चीवर बसवलं, पाठ चोळली, कानामागे साबण लावला. मग टॉवेल गुंडाळताना बाबा थबकले. त्यांनी मिस्टर डॉसनच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. बाबांनी पाठीला कान लावला, मला वाटलं ते म्हाताऱ्याला मिठी मारतायत. मग ते बाहेर ड्यूटीवरच्या नर्सकडे गेले आणि इंग्रजीत म्हणाले की मिस्टर डॉसनना आडवं झोपवलं की श्वास लागतो, पायावर सूज आहे, छातीत पाणी असावं, हृदय थकलंय. ती बाई वाईट नव्हती. तिच्या हातात औषधांचा ट्रे होता आणि तीस माणसं तिच्या जिवावर होती. ती म्हणाली, "केन, त्यांचा शॉवर झाला का? डॉक्टर सोमवारी येतील. मी लिहून ठेवते." बाबा म्हणाले, "येस, सिस्टर." आणि जमिनीवर पडलेला टॉवेल उचलायला वाकले. सोमवारी डॉक्टर आले. त्यांनी काय निदान केलं हे बाबांना कुणी सांगितलं नाही. पण गोळ्या बदलल्या त्यावरून त्यांनी ओळखलं.

हे सगळं मी मराठीत लिहिलं, पत्राच्याच पॅडवर, कारण घरात दुसरा चांगला कागद नव्हता. तीन पानं झाली. टॉवेल उचलताना बाबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, असंही एक वाक्य घातलं. ते लिहिताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

आता आमच्या घरचा एक रिवाज. मिरजेच्या पाकिटात प्रत्येकाचा कागद जायचा. बाबांचा मी लिहिलेला, आईचा स्वतःचा, माझा एखादा. आई ते टेबलावरून गोळा करायची, न वाचता घडी घालायची आणि पाकीट बंद करायची. दुसऱ्याचं पत्र वाचणं तिच्या लेखी पाप होतं, मग ते स्वतःच्या मुलीचं का असेना. त्या रविवारी पत्र लिहून झाल्यावर मी निबंध तिथेच ठेवून अंगणात फेजोआ वेचायला गेले. आईला मुरांबा करायचा होता. सोमवारी शाळेतून आल्यावर मी पॅड उचललं आणि माझा निबंध दिसेना.

"आई, इथे माझे कागद होते."

"होते ना. घातले की पाकिटात. सकाळी बेकरीला जाताना टाकलं कोपऱ्यावरच्या डेअरी दुकानापुढच्या टपालपेटीत. बरंच लिहिलंस ग या वेळी अण्णांना."

मी खुर्चीवर बसले. मग मी तिला सांगितलं की त्या कागदांत काय होतं. आईच्या हातात सोललेल्या फळाची वाटी होती. तिने ती हळूच ओट्यावर ठेवली, गॅस बंद केला आणि गॅरेजच्या बाजूची खिडकी लावून घेतली. बाबांची परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी होती. ही तिसरी आणि शेवटची, असं दोघांनी ठरवलं होतं. मिरजेला पत्र पोचायला आठ ते दहा दिवस लागत. हिशोब दोघींनीही मनात केला. दोघींचं उत्तर एकच आलं.

"त्यांना काही बोलू नकोस," आई म्हणाली. "एक अक्षरही नाही. अण्णांनी काही विचारलं ना, तर तुझे बाबा पेपर हातात धरू शकणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

ते बारा दिवस मी कधी विसरले नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची. फोन स्वयंपाकघरात भिंतीवर होता. आई घरी असेल तेव्हा ती त्याच्या जवळपास काहीतरी निवडत बसायची, ती नसेल तेव्हा मी वह्या घेऊन तिथेच बसायची. बाबांना याचं नवल वाटलं. "तुला खोली आहे की," ते म्हणाले. "इथे ऊन येतं," मी म्हणाले. तेव्हा पाऊस पडत होता. गॅरेजमधून त्यांचा पाठांतराचा आवाज यायचा, औषधांची नावं, मात्रा, पुन्हा औषधांची नावं. जेवताना ते पोळीचा तुकडा हातात धरून विसरून जायचे. आई त्यांच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला सँडरिंगहॅमला जाऊन मेथी घेऊन आली. तेव्हा तिथे आजच्यासारखी भारतीय दुकानांची रांग नव्हती, गाडीने एवढं लांब जायचं आणि जुडी मिळेलच असंही नाही. त्यांनी ती मेथीची भाजी खाल्ली आणि काय खाल्लं हे त्यांना कळलंही नाही.

निबंध मी आठवून इंग्रजीत पुन्हा लिहिला आणि दिला. मिस वॉर्डनी तो परत दिला तेव्हा एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती. डोळ्यांतल्या पाण्याचं वाक्य. समासात लिहिलं होतं, 'हे तू पाहिलंस?' मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी ते पाहिलं नव्हतं. बाबांनी टॉवेल उचलला, पिळला आणि बादलीत टाकला होता, बस्स.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, फोन वाजला. आई बेकरीत होती. बाबा गॅरेजमध्ये, दार उघडं, पाठ माझ्याकडे. पहिल्याच घंटेला मी उचलला. पलीकडे आधी एसटीचा भोंगा ऐकू आला, मग अण्णांचा आवाज, बूथमध्ये ओरडून बोलतात तसा.

"वृंदा का? अण्णा बोलतोय."

"हो अण्णा."

"तुझे कागद मिळाले. ती काय गोष्ट आहे का? का खरं आहे ते?"

इतकं सोपं होतं. 'शाळेची गोष्ट आहे अण्णा, अमेरिकेतले लेखक लिहितात तशी,' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, कारण त्यांना ठेवायचाच होता. पाटी पुसत राहिले असते. बाबांची परीक्षा निर्विघ्न झाली असती. मी तोंड उघडलंही होतं. समोर बाबांची पाठ दिसत होती, पुस्तकावर वाकलेली, पुढेमागे झुलणारी. माझी मुलगी मला हल्ली विचारते, "मम, व्हाय डिडन्ट यू जस्ट लाय?" ती मराठी सगळं समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. मी तिला अजून नीट सांगू शकलेले नाही. मला फक्त वाटलं की बाबांनी जे केलं ते खोटं आहे असं मी म्हटलं, तर ते केल्याची बाबांनाच लाज वाटायला हवी होती असं होईल. आणि मला तशी लाज वाटत नव्हती. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता, मिस्टर डॉसनच्या कानामागे साबण लावताना.

"खरं आहे, अण्णा."

बूथमधला मीटर टकटक करत होता.

"सगळं?"

"एक वाक्य सोडून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते मी घातलं."

"मला वाटलंच," अण्णा म्हणाले. "तो तसा रडत नाही." मग, "परीक्षा कधी आहे त्याची?"

"परवा."

"मग ऐक, पोरी. मी फोन केलेला नाही. मला कागदबिगद काही मिळालेले नाहीत. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. समजलं?"

"हो."

"आणि ते म्हातारे गृहस्थ. गोळ्या बदलल्यावर सूज उतरली का त्यांची?"

"उतरली. बाबा म्हणाले, आता उशाला एकच उशी लागते."

"म्हणजे बरोबर ओळखलं होतं त्यानं," अण्णा म्हणाले, आणि फोन बंद झाला. बाबांनी मागे वळून विचारलं, "कुणाचा ग?" मी म्हणाले, "राँग नंबर." अण्णांशी खरं आणि लगेच बाबांशी खोटं, वास्तववादाचं माझं पहिलं आणि शेवटचं गुणपत्रक तिथेच तयार झालं असं समजायला हरकत नाही.

बाबा नापास झाले. पत्र आलं ते त्यांनी उभ्यानेच वाचलं, घडी केली आणि कामाला निघून गेले, कारण त्यांची पाळी होती. त्या रविवारी पिठलं-भात झाला, आईने टेबल पुसलं, ओलं आणि कोरडं, आणि पॅड ठेवलं. शेजारून गाणं येत होतं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिही. परीक्षेचा निकाल अजून लागलेला नाही. हॉस्पिटलमधलं काम उत्तम चाललं आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"लिही."

"मी नाही लिहिणार."

"काय?"

"मी नाही लिहिणार हे, बाबा. दुसरं काहीही सांगा."

आई ओट्याशी होती. ती वळली नाही. बाबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते मारतील, त्यांनी आयुष्यात कधी हात उगारला नव्हता तरी. "मग काय लिहायचं?" ते ओरडले. "त्यांनी रोज पाटी पुसायची आणि मी काय लिहायचं?" अण्णांनी मला बोलू दिलं नव्हतं. अण्णांना सगळं ठाऊक आहे, हे एक वाक्य मी दात दाबून आत ठेवलं, आणि मला वाटतं माझ्या सबंध तरुणपणातलं तेवढं एकच काम मी खरोखर नेटाने केलं. बाबांनी पॅड स्वतःकडे ओढलं आणि माझ्या हाताखालचं पेन घेतलं.

ते बराच वेळ लिहीत होते. शेजारचं गाणं संपलं, गाड्यांची दारं वाजली, मुलं हसली. मग त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "अण्णांना माझं अक्षर लागणार नाही. नीट लिहून काढ," ते म्हणाले आणि गॅरेजमध्ये निघून गेले. ते अक्षर मला लागत होतं. लिहिलं होतं की मी परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो. मी हॉस्पिटलमध्ये नाही, वृद्धाश्रमात आहे. मी इथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालतो, जेवू घालतो, कूस बदलून देतो. तुम्हाला इतके दिवस खोटं लिहिलं, क्षमा करा. आणि अगदी खाली, वेगळ्या ओळीत, काम मला चांगलं येतं.

मी ते लिहून काढलं. एकाही शब्दाला हात लावला नाही. आईने रिवाजाप्रमाणे न वाचता घडी घातली, पण पाकिटाला डिंक तिने दोनदा लावला.

अण्णांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'चि. श्रीकांतास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून मोठा धक्का बसला. आम्हाला याची काहीच कल्पना नव्हती. दोन दिवस अन्न गोड लागले नाही. मग विचार केला की मी पस्तीस वर्षे दवाखान्यात काय केले? तेच केले. काम नीट कर.' बाबांनी ते पत्र आईला वाचून दाखवलं, मग मला, मग पुन्हा स्वतःशी. धक्का बसला त्या वाक्यावर ते दर वेळी थोडे थांबायचे आणि म्हणायचे, "बिचारे. पण सांगितलं ते बरं झालं."

त्यांनी पुन्हा परीक्षा दिली नाही. निवृत्त होईपर्यंत ते त्याच आश्रमात राहिले. अण्णा गेले, नंतर आई गेली, आणि बाबा गेले ते वयाची ऐंशी उलटल्यावर. पाहुणे आले की ते सांगायचे, वडिलांना खरं लिहिण्याचं धैर्य मला त्या एका रविवारी झालं, आणि त्यांना ते पहिल्यांदा माझ्याच तोंडून कळलं. मी पाहुण्यांपुढे चहा ठेवत असायची. मिस वॉर्डनी विचारलं असतं, हे तू पाहिलंस का, तर मला नाही म्हणावं लागलं असतं. पण बाबा जिवंत असेपर्यंत मी त्या वाक्याखाली रेघ ओढली नाही.